पेटी आपली, किल्लीही आपली

दुकानाच्या हिशेबाचे आणि ऑर्डरींचे वेब अॅप्लिकेशन घरच्याच एखाद्या शिकलेल्या मुलाकडून किंवा त्याच्या मित्राकडून करून घ्यायचे, ही पद्धत आपल्या व्यापारी बांधवांत आता रुळली आहे. गोष्ट चांगली आहे. पण काम सुरू होण्यापूर्वी एक प्रश्न फार थोडे लोक विचारतात. हे अॅप्लिकेशन दुसऱ्या संगणकावर चालेल काय?

आमच्या पाहण्यातील भिवंडीच्या एका यंत्रमाग कारखानदाराने तो विचारला नाही. ताके, सूत आणि दलालांची येणेबाकी सांभाळणारे अॅप्लिकेशन एका होतकरू तरुणाने करून दिले. पुढे त्यास आखातात नोकरी लागली आणि काही महिन्यांतच कारखान्यातला संगणक बिघडला. नव्या मुलाजवळ सगळ्या फाईली होत्या, हिशेबाची प्रतही होती. पण नव्या संगणकावर अॅप्लिकेशन सुरूच होईना. कोणत्या भाषेची कोणती आवृत्ती, कोणता डेटाबेस, काहीच लिहून ठेवलेले नव्हते. तीन आठवडे हिशेब पुन्हा वहीवर आला. दोष त्या तरुणाच्या हुशारीचा नव्हता, काम मांडण्याच्या पद्धतीचा होता.

यावरचा उपाय बंदरावर जाणाऱ्या माणसास लगेच समजेल. पूर्वी जहाजावर पोती, गाठी, पिंपे सुटी चढत. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांच्या ‘आयडियल एक्स’ या जहाजाने नेवार्कहून ह्यूस्टनला ५८ पेट्या नेल्या आणि व्यापाराची रीतच पालटली. आत माल कोणताही असो, पेटीचे माप ठरलेले. म्हणून ती कोणत्याही क्रेनला उचलता येते. हीच कल्पना २०१३ साली ‘डॉकर’ने सॉफ्टवेअरमध्ये सर्वांच्या हाती दिली. अॅप्लिकेशन आणि त्याला लागणारे सर्व साहित्य एका कंटेनरमध्ये बंद होते आणि डॉकर असलेल्या दुसऱ्या संगणकावर तसेच उघडते.

आमचे म्हणणे असे की, कामाचा पहिला दिवस या पेटीच्या पायाभरणीस द्यावा. त्यात मुख्य गोष्टी चार. पहिली, डॉकरफाईल, ही साचा कसा ओतायचा याची कृती. एकाच साच्यातून कारागीर हव्या तितक्या वस्तू काढतो, तसे एका इमेजमधून हवे तितके कंटेनर निघतात. दुसरी, कंपोज फाईल; अॅप्लिकेशन आणि डेटाबेस हे दोन कंटेनर एका हुकमात एकत्र सुरू करणारी. तिसरी, व्हॉल्यूम, हिशेबाची माहिती कंटेनरच्या बाहेर राखणारी जागा. ती नसेल तर कंटेनर काढून टाकताच माहितीही जाते. चौथी, पासवर्डची वेगळी फाईल. ती कोडबरोबर कोणाच्या हाती जाऊ नये. शिवाय प्रत्येक साहित्याची आवृत्ती आकड्यानिशी लिहावी. ‘लेटेस्ट’ असे लिहून सोडले, तर आज चालणारे उद्या बंद पडू शकते.

छोट्या कामाला एवढा खटाटोप कशाला, असे काही जण म्हणतील. नुसता दुकानाचा पत्ता आणि नमुन्यांची चित्रे दाखवायची असतील, तर आम्हीही म्हणू की नको. पण जेथे उधारी आणि मजुरीचा हिशेब आहे, तेथे एका माणसावर सारा कारभार टांगून ठेवणे शहाणपणाचे नाही. खर्चाचीही भीती नको. लिनक्सवर चालणारे डॉकर इंजिन मोफत आहे. मात्र पेटी म्हणजे तिजोरी नव्हे. हिशेबाची प्रत रोज दुसरीकडे ठेवावीच लागेल.

म्हणून व्यापारी बंधूंनी व्यवहार ठरवतानाच एक अट घालावी. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी ते अॅप्लिकेशन दुसऱ्या कोऱ्या संगणकावर, आपल्या डोळ्यांदेखत, लिहून दिलेल्या सूचनांवरून सुरू झाले पाहिजे. आणि आपल्या तरुणांनी ही अट अपमान समजू नये. जो कारागीर आपला साचा निर्धास्तपणे गिऱ्हाइकाच्या हाती देतो, त्याच्याकडेच गिऱ्हाईक पुन्हा येते.