घाबरलेलं मूल जवळ येत नाही



‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा १९७४ सालचा अमेरिकन खेळ. टेबलाभोवती बसून गोष्ट रचायची, वीस बाजूंच्या फाशाने लढाई ठरवायची. त्याच्या २०१४ च्या नियमांत घाबरलेल्या पात्राचं काय होतं, माहितीये? ज्याची भीती वाटते तो समोर असेपर्यंत वार करताना फासा दोनदा टाकायचा आणि लहान आकडा धरायचा. शिवाय त्याच्या जवळ स्वतःहून जाता येत नाही.

रणांगणात हा डाव छानच. शत्रू लांब राहिलेलाच बरा! पण वर्गात? मी पट्टी टेबलावर आपटली की येत असलेलं उत्तरही चुकतं आणि शंका विचारायला मूल जवळ येत नाही. मग शिकवायचं कुणाला? घरी-शाळेत आवाज चढवण्याआधी हा नियम जरूर आठवा.