चिखलोलीचा जलाशय

धरण म्हटले, की उंच दगडी भिंत आणि तिच्यावरून कोसळणारे पाणी हेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. अंबरनाथजवळील चिखलोलीचे धरण मात्र लहान आहे आणि मातीचे आहे. अशा धरणाच्या पोटात पाणी अडविणारी चिकणमाती दाबून बसविलेली असते. तिच्या दोन्ही अंगांस मुरुमाचे जाड आवरण असते आणि लाटांनी ते धुपू नये म्हणून पाण्याच्या बाजूस दगड रचलेले असतात. अंबरनाथ शहरास पाणी पुरविण्यासाठी या धरणाचा उपयोग होतो. तेवढेच त्याचे मोल, असे पुष्कळांना वाटते. पण ही समजूत अपुरी आहे.

पाणी साठले, की तेथे जीवांची नवी वसाहत उभी राहते. काठच्या उथळ पाण्यात पाणवनस्पती उगवतात. त्यांच्या आश्रयाने किडे वाढतात. किड्यांवर लहान मासे आणि लहान माशांवर मरळीसारखे मोठे मासे जगतात. मग खंड्या, बगळा, पाणकावळा हे पक्षी न बोलावता येतात. पहिल्या पावसाने ओढे वाहू लागले, की पोटात अंडी असलेले मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. ठाणे जिल्ह्यातील खेड्यांत यास ‘वलगण’ म्हणतात. त्या दिवसांत टोपल्या भरभरून मासे धरणारा मनुष्य पुढील वर्षाचे मासेच आज संपवीत असतो.

‘माणसांनाच पाणी पुरत नाही, तेथे माशांची चिंता कशाला?’ असे कोणी विचारील. त्याने वालधुनी नदी पाहावी. तिच्या काठी इ. स. १०६० चे प्राचीन शिवमंदिर आहे. तीच नदी पुढे उल्हासनगरातून वाहते. पण कारखान्यांच्या आणि वस्त्यांच्या सांडपाण्याने ती नासून गेली आहे. जे पाणी माशांस मारते, ते माणसांसही तारीत नाही. आज चिखलोलीच्या आसपासही कारखाने आणि इमारती उभ्या आहेत.

म्हणून धरणाची निगा दुहेरी असावी. मातीच्या भिंतीवर झाडे वाढू देऊ नयेत आणि घुशींची बिळे वेळीच बुजवावीत. कारण मुळांच्या आणि बिळांच्या वाटेने पाणी झिरपून भिंत खचते. परंतु काठचे गवत, उथळ पाणी आणि वरचे ओढे जीवांसाठी निर्मळ राखावेत. भिंत पाणी अडविते. ते जिवंत ठेवणे मात्र माणसाच्या हाती आहे.