चौथ्या नंबरची मुलगी

तालुक्याच्या शालेय स्पर्धांत या आठवड्यात मुलींची पंधराशे मीटरची शर्यत पाहिली, ती अजून डोक्यातून जात नाही. साल्हेरकडची एक मुलगी चौथी आली. सुरुवातीलाच सगळा दम उधळला, शेवटी मागे पडली. पण पळताना तिची मान स्थिर होती, पाऊल मातीला जेमतेम टेकत होतं. पहिल्या तिघी धापा टाकत बसल्या, तेव्हा ही मैत्रिणींना पाणी देत होती. निकालाच्या कागदावर तीनच नावं. चौथीचं नाव कुणी विचारलंही नाही.

अमेरिकेत बेसबॉलचे खेळाडू हेरणाऱ्यांना स्काउट म्हणतात. ही माणसं महिनोन्‌महिने घर सोडून शाळा-कॉलेजांची मैदानं तुडवतात, एकाच पोराला पुन्हा पुन्हा पाहतात. फटका, ताकद, धाव, फेक, क्षेत्ररक्षण, प्रत्येकाला २० ते ८० असे गुण देतात; ५० म्हणजे मोठ्या लीगमधला सर्वसाधारण खेळाडू. त्यांच्या कागदावर गुणांचे दोन आकडे असतात, एक आजचा आणि एक उद्याचा. सतरा वर्षांच्या पोरापुढे आज ३० आणि उद्या ६० लिहिणारा माणूस स्वतःची अब्रू पणाला लावत असतो. आपल्या कागदावर फक्त आजचा आकडा.

हे आपल्याला परकं मुळीच नाही. बाजारात गोऱ्हा घेताना त्यानं आजवर किती नांगरलं, असं कोण विचारतं? खांदा बघतात, खूर बघतात, चार पावलं चालवून बघतात. जनावराच्या बाबतीत जे कळतं ते पोरांच्या बाबतीत का सुटावं?

क्रिकेटने हे एकदा करून दाखवलं. क्रिकेट पत्रकार मकरंद वायंगणकरांनी कल्पना मांडली, दिलीप वेंगसरकरांनी धुरा घेतली आणि लहान गावांतले खेळाडू शोधायला क्रिकेट मंडळाने जुने खेळाडू धाडले. त्यांतले बंगालचे माजी कर्णधार प्रकाश पोद्दार २००३ साली जमशेदपूरला एक सामना पाहत बसले आणि महेंद्रसिंग धोनीचं नाव कळवून मोकळे झाले. योजना एकोणीस वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, धोनी एकविशी ओलांडलेला. तरी नाव पुढे गेलं. जन्मतारखेच्या दाखल्यापुढे डोळा मोठा ठरला.

आपल्या नाशिक जिल्ह्यातच बघा. सावरपाड्याची कविता राऊत नाशिकला विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली घडली आणि २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य घेऊन आली. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ बापाबरोबर विहिरी खोदायचा. त्याच्या हाती वल्हं आलं ते फौजेत गेल्यावर. २०१६ मध्ये तो रिओ ऑलिंपिकला होता. फौजेत गेला नसता तर?

आमच्या क्रीडाशिक्षकांना ही नजर नाही असं कुणी म्हणू नये. निवडणूक, जनगणना, याद्या यांतून त्यांना मैदानाकडे फिरकायला सवड तरी कुठे मिळते? त्यातल्याच एकाने शर्यतीनंतर मला बाजूला घेऊन सांगितलं, "दादा, ती चौथी. तिला अजून पळायचं कसं हे कुणी शिकवलंच नाही."

त्यांच्याकडून तिच्या शाळेचा पत्ता घेतलाय. रविवारी घड्याळ घेऊन आम्ही दोघं जातोय.