गोळी चालू आहे म्हणून माणूस परत पाठवू नका



जिल्हा बैठकीला जोडून रक्तदान शिबिर घ्यायची आपल्याकडे जुनी रीत आहे. अलीकडच्या शिबिरांत एक गोष्ट सारखी नजरेला येते. नाव नोंदवायच्या टेबलावर बसलेला आपलाच कार्यकर्ता विचारतो, "काका, काही गोळी चालू आहे का?" काका खिशातून कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची पट्टी काढतात. कार्यकर्ता म्हणतो, "मग तुमचं राहू द्या." काका मंडपात येऊन बसतात. डॉक्टरांपर्यंत ते पोचलेलेच नसतात. कापूस खरेदी केंद्रावर गाडी न उघडताच ग्रेडरने माल नाकारला, तर आपण रस्त्यावर उतरतो. इथे आपण आपल्याच माणसाला तेच करतो आहोत.

कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, म्हणजे बहुधा अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन किंवा रोझुव्हास्टॅटिन, रोज घेणारा माणूस रक्त देऊ शकतो. यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणारा एक विकर ही गोळी अडवते. पिशवीत तिचा जो अंश उतरतो तो इतका थोडा असतो, की त्यासाठी दाता नाकारण्याचे कारण नाही. या औषधांचे मूळ तर आपल्याच धंद्यातले. जपानमधल्या शेतकरी कुटुंबात जन्मलेले, कृषी शाखेत शिकलेले अकिरा एंडो यांनी सहा हजारांच्या आसपास बुरश्या तपासल्या आणि १९७३ साली या जातीचे पहिले द्रव्य शोधले. ते मिळाले क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या बुरशीत. कृषी पदवीधराला कुणी हिणवले तर हे ऐकवायला हरकत नाही.

खरा प्रश्न गोळीचा नाही, ती कशासाठी लागली याचा आहे. तपासणीत नुसते कोलेस्टेरॉल वाढलेले निघाले म्हणून लागली असेल तर अडचण नाही. पण हार्ट अटॅक येऊन गेला, छातीत कळ येते, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली म्हणून लागली असेल, तर त्या माणसाने रक्त द्यायचे नाही, कधीच नाही. तिथे दाता सांभाळायचा असतो. एका बैठकीत ३५० मिलि रक्त काढण्याचा ताण अशा हृदयावर टाकणे शहाणपणाचे नाही.

आणखी एक बारकावा. आपल्याकडे अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन आणि अ‍ॅस्पिरिन एकाच कॅप्सूलमध्ये सर्रास मिळते. अ‍ॅस्पिरिन घेतल्यावर तीन दिवस त्या रक्तातल्या प्लेटलेट कामाच्या नसतात. लाल पेशी चालतात. पण रक्तपेढीला ते आधी कळले पाहिजे. म्हणून 'कोलेस्टेरॉलची गोळी' एवढे तोंडी सांगून भागत नाही, पट्टीच दाखवावी. लघवीच्या त्रासावरची फिनास्टेराइड घेणाऱ्याला मात्र काही काळ थांबावे लागते, कारण ते रक्त गरोदर बाईला गेले तर पोटातल्या गर्भाला धोका असतो. इन्सुलिन घेणाऱ्याचे रक्त घेत नाहीत.

काही जण शिबिरासाठी चार दिवस गोळी बंद ठेवतात, काही जण लपवतात. दोन्ही करू नका. गोळी वेळेवर घ्या, सांगा आणि या. उपाशीही येऊ नका. पण बैठकीचे तर्रीदार जेवण आधी आणि रक्त नंतर हा क्रम तर अगदीच चुकीचा. तेलकट खाऊन दिलेल्या रक्तातला द्रवभाग दुधासारखा गढूळ होतो, चाचण्यांना अडथळा येतो आणि प्लाझ्मा फेकून द्यावा लागू शकतो.

एवढा आग्रह कशासाठी? गावात आता राहिले कोण ते पाहा. पोरे पुण्या-मुंबईला गेली. शिवारात दिसतात ते पन्नाशीचे, साठीचे, आणि त्यांच्यातल्या पुष्कळांच्या खिशात कसली ना कसली पट्टी असते. नियमाने पासष्ट वर्षांपर्यंत रक्त देता येते; पहिल्यांदाच देणारा साठीच्या आत हवा. लाल पेशी टिकतात ३५ ते ४२ दिवस. डिसेंबरच्या शिबिरातले रक्त मे महिन्यातल्या बाळंतिणीला मिळत नाही, आणि मे महिन्यात कॉलेजे बंद असतात. त्या वेळी रक्तपेढीला हाक द्यायला आपलेच काका उरतात.

वजन ४५ किलो आणि हिमोग्लोबिन साडेबारा, ही अट सर्वांना आहे. हिमोग्लोबिनपायी आपल्या कितीतरी मायबहिणी परत जातात. तो नकार योग्यच आहे. त्यांचे हिमोग्लोबिन इतके खाली का, हा मात्र बैठकीत वेगळा घ्यायचा विषय आहे.

पुढचे शिबिर मे महिन्यात, पेरणीच्या धांदलीआधी घ्यावे अशी माझी सूचना आहे. टेबलावरच्या कार्यकर्त्याने नाव, वय आणि पट्टीवरचे औषधाचे नाव लिहून घ्यावे आणि कागद डॉक्टरांकडे द्यावा. हो किंवा नाही ते डॉक्टर सांगतील.