हस्तिदंती की बदामी?

दिवाळीपूर्वी रंगाऱ्याला बोलावले की घरोघरी हा वाद ठरलेलाच. आमच्या इंदूरच्या घरीही बैठकीला हस्तिदंती रंग द्यावा की फिकट बदामी, यावर चार दिवस खल झाला. शेडकार्डावर दोन्ही सख्ख्या बहिणींसारखे दिसत. अखेर दोन्हींचे हातभर लांबीरुंदीचे चौकोन दोन-दोन थर देऊन चौकटीच्या दोहो बाजूंस लावविले व पुरते वाळू दिले; ओल्या रंगाची छटा वाळल्यावर पालटते.

मग सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला ते न्याहाळले. उत्तरेच्या खिडकीतील निळसर उजेडात हस्तिदंती किंचित उदास वाटे, बदामीत ऊब टिके. आम्ही बदामीवर शिक्कामोर्तब करणार, तोच सासूबाई म्हणाल्या, “संध्याकाळी बदामी बाजूला मला चौकट कळत नाही गं.” त्यांना मोतीबिंदू, तपकिरी चौकट बदामी भिंतीत मिसळून जाई, हस्तिदंतीशेजारी मात्र उठून दिसे.

आम्ही हस्तिदंतीच घेतला. भगिनींनो, रंग निवडताना आपल्या आवडीआधी घरातील थकलेल्या डोळ्यांना अवश्य विचारावे.