मधातला ऊस

सोमेश्वरनगरात गळीत हंगाम सुरू झाला की नीरा-बारामती रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागते आणि हवेत मळीचा वास भरून राहतो. अशाच एका सकाळी दारावर मधवाला आला. आईने पेलाभर पाण्यात मधाचा थेंब सोडला. तो न विरघळता तळाशी बसला. ‘‘अस्सल आहे रे,’’ म्हणत तिने बाटली घेतली. मी म्हणालो, ‘‘आई, घट्ट पाकही असाच तळाला बसतो.’’

मग अस्सल ओळखायचे कसे? जिभेला फसवता येते, वजनाला फसवणे कठीण. मास स्पेक्ट्रोमीटर म्हणजे अणुरेणूंचा तराजू. केंब्रिजच्या फ्रान्सिस ॲस्टन यांनी 1919 मध्ये असे यंत्र उभे केले आणि 1922 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवले. त्यात कणांना विद्युतभार देऊन निर्वात पोकळीत चुंबकापुढून पळवतात. रिकामी ट्रॉली चटकन वळते, उसाने भरलेली सरळ ओढ घेते. तसाच हलका कण जास्त वळतो, जड कमी.

मध जाळून त्याचा कार्बन डायऑक्साइड या तराजूत घालतात. निसर्गात कार्बनच्या शंभर अणूंपैकी सुमारे 99 अणूंचे वजन 12 असते, एखाद्याचेच 13. मधमाश्या ज्यांच्यावर बसतात ती बहुतेक फुलझाडे जड कार्बन बराच टाळतात. ऊस, मका, ज्वारी तेवढा टाळत नाहीत. म्हणूनच मधात आपल्या उसाची साखर मिसळली की तराजू बोलतो. आपल्या मानकांत अशा साखरेची मर्यादा 7 टक्के आहे.

पण भेसळ करणाराही शिकतोच. तांदूळ पडला फुलझाडांच्या गटातला, त्याचा पाक या तपासणीतून निसटतो. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने डिसेंबर 2020 मध्ये 13 ब्रँडच्या 22 नमुन्यांचा निकाल जाहीर केला. सर्व कसोट्यांवर उतरले फक्त 5. देशातल्या तपासण्यांत बहुतेक मोठे ब्रँड उत्तीर्ण झाले होते. जर्मनीतल्या चुंबकीय अनुनादाच्या तपासणीत ते अडकले. अनेक कंपन्यांनी हे निष्कर्ष नाकारले.

यंत्राला विचारावे तेवढेच ते सांगते. भेसळ बदलली तरी प्रश्न जुनाच राहिला, तर शुद्धतेच्या दाखल्याला अर्थ काय? स्वस्त पाकापुढे खरा मधपाळ टिकत नाही, आणि त्याच्या पेट्या उठल्या की आसपासच्या पिकांचे परागीभवनही घटते.

आईला हे सांगितले. बाटलीकडे पाहत ती म्हणाली, ‘‘म्हणजे मी पाकाला मधाचे पैसे मोजले?’’

तिच्या पेल्यात त्याचे उत्तर नव्हते. माझ्याकडेही नव्हते.