मेसेज पोहोचला, बाळ पोहोचले का?

तान्हे मूल असलेल्या घरात लशींच्या तारखा दीड, अडीच आणि साडेतीन महिने अशाच लक्षात राहतात. किंवा राहत नाहीत. केंद्र सरकारच्या ‘यू-विन’ने ही आठवण आता मोबाइलवर सोपवली आहे. कोविनच्या धर्तीवरची ही प्रणाली जानेवारी २०२३ मध्ये ६५ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली, पुढे देशभर गेली. डोसची नोंद झाली की एसएमएस, पुढची तारीख जवळ आली की पुन्हा एसएमएस. नोंद कुठल्याही केंद्रावर दिसत असल्याने बीडहून ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाला कारखान्याजवळच पुढचा डोस घेता येतो. स्वागतच करावे अशी सोय.

पण मेसेज जातो कुणाच्या फोनवर? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ५४ टक्के महिलांकडेच स्वतः वापरण्याचा मोबाइल होता. बाकी घरांत निरोप बापाच्या खिशात, आणि बाप दिवसभर कामावर.

शिवाय डोस चुकतो तो केवळ विसरल्यामुळे नव्हे. दीड महिन्याच्या सुईनंतर बाळ रात्रभर फणफणले, की अडीच महिन्यांच्या वेळी आजीच आडवी येते. हा ताप अपेक्षित असतो, औषध किती द्यायचे, हे तिला आशाताईने दारात बसून सांगावे लागते. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवर पसरला, तेव्हा यंत्रणेला धर्मगुरूंची मदत मागावी लागली, ती उगाच नव्हे.

हरियाणातील प्रयोग याबाबत बोलका आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी तेथील सात जिल्ह्यांत गावकऱ्यांना विचारले : गावात बातमी झटपट कोण पसरवतो? नावे आली, त्यांच्याकरवी लसीकरणाचा निरोप फिरवला. जोडीला पालकांना एसएमएस आणि डोसगणिक वाढत जाणारे मोबाइल रिचार्ज. तिन्ही एकत्र आले तेथे लसीकरण ४४ टक्क्यांनी वाढले. मात्र खर्चाच्या हिशेबात सरस ठरली ती बिनबक्षिसाची जोडी, गावातला बोलका माणूस आणि मेसेज.

तेव्हा यू-विनच्या भरवशावर आशांच्या गृहभेटींना कात्री लावण्याचा मोह आरोग्य खात्याने टाळावा. चुकलेल्या बाळांची यादी आधी आशांच्या हाती पडावी, आणि त्या यादीनुसार फिरण्याचा मोबदलाही वेळेवर. पालकांनीही नोंदणी करताना दिवसभर बाळाजवळ असणाऱ्याचा नंबर द्यावा. सिमकार्ड बदलले तर आशाताईंना तेवढे कळवावे.